शेटे सरांनी सर्वांना पाठवलेला एकमेव मेल

शेटे सर गेल्याची बातमी मला दुपारी सव्वाचारला कळली. तोवर त्यांना माती देऊन लोक आपापल्या घरी पोचले होते. त्या दिवशी परीक्षेच्या अर्जांची शेवटची तारीख होती आणि सकाळपासून खिडकीवर पोरापोरींची रांग होती. आमच्या कॉलेजच्या कामाचं जे अ‍ॅप आहे त्याचा आवाज मी बंद करून ठेवला होता. रांग संपली, चहा आला, तेव्हा फोन हातात घेतला. कार्यालयाच्या ग्रुपवर सकाळी पावणेनऊला कुणीतरी लिहिलं होतं, ‘आपले माजी कार्यालय अधीक्षक वीरभद्र शेटे सर यांचे आज पहाटे हृदयविकाराने दुःखद निधन. अंत्यविधी दुपारी एक वाजता, मानवत.’ त्याखाली हजेरी भरण्याची आठवण होती, त्याखाली मूल्यांकनाच्या फायलींची यादी, त्याखाली कुणाच्या तरी वाढदिवसाचा केक. बातमीखाली अडतीस जणांनी हात जोडले होते. आणि मी... मी काय केलं ते सांगायला हवं. काही कळायच्या आत माझ्या बोटानं तेच चित्र दाबलं. एकोणचाळीस झाले. मग मी ते काढून टाकलं, आणि खुर्चीत तशीच बसून राहिले. ती खुर्ची पूर्वी सरांची होती.

मला कुणी फोन का केला नाही, असं मी नंतर दोघांना विचारलं. दोघंही मनापासून चकित झाले. “ग्रुपवर होतं की मॅडम.” त्यांचं काही चुकलं नव्हतं. सर मात्र ऐकून नुसते हसले असते. ते म्हणायचे, “सगळ्यांला कळवलं म्हंजे एकेकाला कळवलं असं नसतंय, काळे मॅडम. सगळे म्हणून कुणी माणूस न्हाई.”

परभणी जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी आमचं कॉलेज आहे. नाव मुद्दाम लिहीत नाही. सर मूळचे मानवतचे, घरचा कापसाचा व्यापार. भाऊ आडतीवर बसले आणि हे एकटे शिकून आमच्याकडे कनिष्ठ लिपिक म्हणून लागले. तेव्हा टाइपरायटर होता. मी नोकरीला लागले तोवर ते कार्यालय अधीक्षक झाले होते आणि कार्यालयात एक संगणक आला होता, मखमली झाकणाखाली ठेवलेला. टेलिफोनच्या तारेवरून इंटरनेट यायचं, आलं तर. विद्यापीठानं परिपत्रकं मेलनं पाठवायला सुरुवात केली, तेव्हा सर प्रत्येक मेल छापून घेत आणि त्यावर आवक क्रमांकाचा शिक्का मारत. प्राध्यापक मंडळी हसत. सर म्हणत, “पत्रच हाय ते. पोस्टमन बिनपायाचा हाय एवढंच.” पुढं त्यांनी छापणं आपणहून सोडलं, पण मेलला पत्र मानणं सोडलं नाही.

माझा पहिला मेल मला अजून आठवतो. विद्यापीठाकडून गुणपत्रिका मागवायच्या होत्या. मी लिहिलं, ‘गुणपत्रिका अद्याप मिळाल्या नाहीत. त्वरित पाठवाव्यात.’ सरांनी मला संगणकासमोरून उठवलं आणि कार्यालयाच्या दाराबाहेर उभं केलं. मला वाटलं, रागावले.

“आता आत या,” ते म्हणाले. मी आत आले. “समजा मी विद्यापीठाचा माणूस हाय. पहिलं काय म्हणताव?”

“नमस्कार सर.”

“मग?”

“मी अमुक कॉलेजातून आले.”

“मग?”

“आमच्या गुणपत्रिका राहिल्यात, तेवढ्या बघता का?”

“लिवा हेच,” ते म्हणाले. “जेवढं तोंडानं बोलवंल तेवढंच मेलमधी लिवायचं. जे तोंडावर बोलायची लाज वाटंल, ते लिवायचं न्हाई.” गुणपत्रिका चार दिवसांत आल्या. कुणा कदम नावाच्या लिपिकानं उत्तरात ‘उशिराबद्दल क्षमस्व’ लिहिलं होतं. सरांनी कदमांना आभाराचा वेगळा मेल करायला लावला. त्या कदमांशी आमच्या कार्यालयाचा पत्रव्यवहार पुढं कितीतरी वर्षं चालला. त्यांना आम्ही कधी पाहिलं नाही, तरी त्यांच्या मुलीच्या लग्नाची पत्रिका आली होती.

सरांची अशी बरीच मतं होती, आणि ती काही कुठं लिहून लावलेली नव्हती. प्रसंग आला की एखादं बाहेर पडायचं. ग्रंथालयाच्या लिपिकाशी माझं एकदा वाजलं. मी तिला कडक मेल लिहिला आणि प्रत प्राचार्यांना दिली. सरांनी तो पाहिला. जेवणाच्या सुटीत डबा उघडता उघडता म्हणाले, “भांडण घरात करायलाव का अंगणात?” मला कळेना. “सीसी लावला न्हवं तुमी. शेजारणीला ऐकू जावं म्हणून अंगणात येऊन भांडल्यावानी झालं ते.” मी त्याच दिवशी ग्रंथालयात जाऊन आले. पन्नास पावलांवर तर होतं. एकाच कार्यालयात बसलेल्या माणसानं दुसऱ्याला मेल केलेला त्यांना अजिबात खपत नसे. तसा मेल कुणी केलाच तर सर उत्तर लिहीत नसत. उठून त्याच्या टेबलाशी जाऊन उभे राहत आणि म्हणत, “बोला. बोलवलंत ना?”

एवढ्यावरून ते जुन्या वळणाचे, यंत्राला घाबरणारे होते असं कुणी समजू नये. पाच-सहा वर्षांपूर्वी नवे प्राचार्य आले आणि त्यांनी ते अ‍ॅप आणलं. त्यात सगळ्यांचे ग्रुप, सगळ्यांची कामं, कुणाचं काम कुठवर आलं त्याचे रंग. वेळेत झालं तर हिरवं, राहिलं तर लाल. नावापुढं एक हिरवी टिकली, माणूस जागेवर आहे हे दाखवणारी. आम्ही सगळ्यांनी तोंडं वाकडी केली. सरांनी मात्र तीन आठवडे रोज जेवणानंतर बसून ते अख्खं शिकून घेतलं. शेवटी शिकवायला आलेला माणूस शंका विचारायला सरांकडे येऊ लागला. मग सरांनी प्राचार्यांना चार पानांचा अभिप्राय लिहिला. त्याचा कच्चा मसुदा मी टाइप केला होता, म्हणून मला आठवतो. एकच तक्ता सगळ्यांनी एकाच जागी भरायचा, हे त्यांना फार आवडलं होतं. ‘अंतिम’, ‘अंतिम-दोन’, ‘खरोखर अंतिम’ अशा फायलींतून आपली सुटका होईल, असं त्यांनी लिहिलं होतं. हरकत त्यांची दोनच गोष्टींना होती. एक, ज्याचं काम राहिलं त्याचं नाव सगळ्यांसमोर लाल होऊ नये, ते त्याला आणि त्याच्या वरिष्ठालाच दिसावं. दुसरी हरकत त्या हिरव्या टिकलीला. ती लिहिताना ते माझ्याशी बोलत होते, “माणूस जागेवर हाय का न्हाई ते मी उठून बघतो. बघाया गेलं की तो दमलाय का, घरून रडून आलाय का, तेबी दिसतंय. टिकलीत काय दिसणार?” प्राचार्यांनी अभिप्रायाला उत्तर म्हणून अंगठ्याचं चित्र पाठवलं. सरांनी मला विचारलं, “ह्याचा अर्थ वाचलं असा घ्यायचा का मान्य असा?” मी म्हटलं, “पोचलं असा घ्यायचा सर.”

आता जे लिहायचं आहे ते लिहायला मला इतके आठवडे लागले. कॉलेजला मी तेच लेखी दिलं आहे, आणि सरांच्या सेवापुस्तकात ते जोडावं अशी विनंतीही केली आहे. तरी ते इथं सांगितल्याशिवाय सर कोण होते हे कुणाला कळणार नाही.

आमच्या रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत दत्ता नावाचा परिचर आहे. येलदरीच्या बाजूचा, घरी मेंढरं राखणारं कुटुंब. आठ वर्षं तो तात्पुरत्या नेमणुकीवर होता आणि त्याला कायम करण्याचा प्रस्ताव त्या वर्षी जायचा होता. एका गुरुवारी सकाळी तो घाईघाईनं माझ्या टेबलाशी आला. वहीच्या पानावर लिहिलेला रजेचा अर्ज माझ्या हातात दिला. “पोरीला लय ताप हाय मॅडम, परभणीला सरकारी दवाखान्यात न्यायलोय.” मी म्हटलं, “जा तू, मी नोंद करते.” तेवढ्यात विद्यापीठाचा फोन आला. अर्ज मी ड्रॉवरमध्ये ठेवला आणि त्यावर दुसरे कागद आले... अ‍ॅपमध्ये रजेची नोंद तीन दिवसांत व्हायला हवी, नाहीतर नाव लाल होतं. दत्ताचं नाव लाल झालं. पोरीचा ताप डेंग्यूचा निघाला होता आणि तो तिच्या उशाशी बसून होता. फोनकडे बघायला त्याला कुठली सवड?

पुढच्या मंगळवारी अकराच्या सुमारास प्राचार्यांचा संदेश आला. साठ जणांच्या ग्रुपवर. दत्ता विनापरवाना गैरहजर असून त्याचं नाव कायम करण्याच्या प्रस्तावातून वगळावं, असा. मी तो वाचला आणि मला ड्रॉवर आठवला. उघडला. कागदांखाली ते वहीचं पान होतं. मला तेव्हा वरिष्ठ लिपिक होऊन चारच महिने झाले होते, परिविक्षा चालू होती, बढती अजून पक्की नव्हती. ज्याचं नाव लाल होतं त्याचं काय होतं हे आत्ताच साठ जणांसमोर दिसलं होतं. सरांचं टेबल माझ्या समोरच होतं. मी मान वर केली नाही. ड्रॉवर उघडाच टाकून उठले, मागे नळावर जाऊन तोंड धुतलं, तिथंच उभी राहिले. मनात वाक्य जुळवत होते आणि मोडत होते. वीसेक मिनिटं गेली असतील.

परत आले तेव्हा सगळ्यांचे संगणक एकदम वाजल्यासारखे झाले होते. सरांचा मेल आला होता. सर्वांना. ज्या माणसानं उभ्या हयातीत ‘सर्वांना’ हे बटण कधी दाबलं नव्हतं, ज्यानं ते दाबणाऱ्यांची थट्टा केली होती, त्याचा. चार ओळी होत्या : ‘श्री. दत्ता यांचा रजेचा अर्ज ते जाण्यापूर्वीच कार्यालयास मिळाला होता. त्याची नोंद करण्याची जबाबदारी माझी होती. ती माझ्याकडून राहून गेली. यात श्री. दत्ता यांची कोणतीही चूक नाही. ज्या सर्वांसमोर त्यांचे नाव आले, त्या सर्वांना हे कळावे म्हणून हा मेल सर्वांना पाठवत आहे.’ खाली पूर्ण नाव, हुद्दा.

सर जागेवरून उठले, पाण्याची बाटली घेऊन माझ्या टेबलाजवळून पुढे गेले. जाता जाता म्हणाले, “जेवलाव का?” साडेअकराच वाजले होते. मी मानेनंच नाही म्हटलं. “जेवा येळेवर,” म्हणाले, आणि गेले.

मला अजून वाटतं, ते थांबले असते तर मी बोलले असते. पण ही माझी सोयीची समजूत आहे. ते रोज समोर बसत होते, सहा-सात तास. मला बोलायचं असतं तर रोज बोलता आलं असतं.

दत्ता कायम झाला. सरांकडून लेखी खुलासा घेतला गेला आणि तो सेवापुस्तकाला जोडला गेला. त्या वर्षी कॉलेजात प्रबंधकाची जागा भरायची होती. कार्यालयातली सगळ्यात वरची जागा ती. सर तिची वाट पाहत होते हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. निवृत्तीला दीड वर्ष राहिलं होतं, आणि त्यांच्या पत्नी, आमच्या काकू, त्याच्या आदल्या वर्षी वारल्या होत्या. घरी जाऊन सांगण्यासारखं तरी काही घडावं असं त्यांना वाटत असेल... की सांगायलाच कुणी नव्हतं म्हणून काही वाटत नसेल, मला माहीत नाही. जागा दुसऱ्याला मिळाली. अ‍ॅपमधले सगळे अधिकारही त्यांच्याकडून काढले गेले. जे सॉफ्टवेअर त्यांनी आम्हाला शिकवलं, त्यात साधी नोंद दुरुस्त करायची तर त्यांना माझ्याकडे यावं लागे. “काळे मॅडम, एवढं बघता का?” म्हणत ते येत. त्यांच्या आवाजात कधी काही नसायचं.

निवृत्तीच्या दिवशी शाल, नारळ, फोटोंची चित्रफीत झाली. सर चार मिनिटं बोलले. समारंभ आटोपून ते परत टेबलाशी आले, कारण त्यांच्याकडे अकरा मेलची उत्तरं राहिली होती. आम्ही म्हटलं, राहू द्या सर, आम्ही देऊ. “मला लिवलंय त्यांनी, मलाच द्यावं लागंल,” म्हणाले. सातवं उत्तर लिहीत असताना पाच वाजले आणि त्यांचं खातं बंद झालं. आपोआप, ठरवून ठेवल्याप्रमाणे. पडद्यावर पासवर्ड मागणारी चौकट आली. सरांनी पासवर्ड दोनदा टाकून पाहिला. तिसऱ्यांदा टाकताना त्यांनी एकेक अक्षर सावकाश दाबलं, जणू आपलंच काही चुकत असावं. मग चष्मा काढला. वीस-बावीस वर्षांची पत्रं त्यात होती, त्या विद्यापीठातल्या कदमांचीसुद्धा. “बरं,” एवढंच म्हणाले. राहिलेल्या पाच जणांची नावं कागदावर लिहून घेतली आणि पुढच्या आठवड्यात त्या पाचांना मानवतहून पोस्टकार्डं गेली. त्यातला एक बीडचा पालक होता, तो पोस्टकार्ड घेऊन कॉलेजात आला होता, म्हणून हे मला कळलं.

त्यांच्या जागी मला बसवण्यात आलं.

मानवतच्या घरी सर एकटेच होते. मुलगा पुण्यात, रविवारी व्हिडिओवर बोलायचा. सरांनी स्वतःचं नवं मेल-खातं काढलं आणि ते मला लिहू लागले. दर सोमवारी, कार्यालय सुरू व्हायच्या वेळेला. वर रीतसर विषय असायचा. ‘विषय : दारातला पेरू पोपटांनी खाल्ल्याबाबत.’ ‘विषय : येलदरी धरणाचे दरवाजे उघडल्याचे पाहून आल्याबाबत.’ एकदा शेजाऱ्यांबरोबर ते पोखर्णीला नरसिंहाच्या दर्शनाला गेले होते, त्याबद्दल लिहिलं होतं : ‘गर्दी फार होती. मी बाहेर सगळ्यांच्या चपला राखीत बसलो. तीन तासांत सतरा माणसांशी बोललो. येत्या पंधरवड्याची बेगमी झाली.’ मी ते वाचून हसले होते. शेजारच्या टेबलावर वाचूनही दाखवलं. पंधरवड्याची बेगमी म्हणजे काय, ते मला तेव्हा नीट कळलं नव्हतं.

सुरुवातीला मी उत्तर लिहायची. मग दोन ओळी. मग एक. हल्ली मेलखाली तयार उत्तरं येतात, ‘छान!’, ‘खूप आभार’, ‘नक्की.’ मी त्यातलं एक दाबायची. चार-पाच आठवडे असं गेल्यावर सरांनी शेवटी एक ओळ लिहिली, ‘ही उत्तरं तुम्ही लिहिता की मेल आपलं आपण लिहितं? दोन्ही चालेल, फक्त माहीत असावं.’ मला लाज वाटली. लाज वाटली म्हणून मी काय करावं? त्या दिवशी कामाचा डोंगर होता. फोनमधल्या त्या लिहून देणाऱ्या यंत्राला मी सांगितलं, एका निवृत्त वरिष्ठांना आपुलकीचं सविस्तर पत्र लिही. त्यानं लिहिलं. मी न वाचता पाठवलं. दुसऱ्या दिवशी सरांचं उत्तर आलं, ‘पत्र फार सुंदर आहे. एकही ऱ्हस्वदीर्घ चुकलेलं नाही, यावरून तुमचं नाही हे कळलं. त्यात माझ्या “मार्गदर्शनाच्या दीपस्तंभाचा” उल्लेख आहे. मानवतला समुद्र नाही. मॅडम, चुकीचं लिहा, पण तुम्ही लिहा.’

त्यानंतर मी काहीच लिहिलं नाही. तोंड दाखवायला जागा नाही असं वाटलं. आणखी तीन सोमवार त्यांचे मेल आले, मग थांबले. थांबले हेसुद्धा माझ्या लक्षात यायला महिना गेला.

त्यांची-माझी शेवटची भेट मानवतच्या बसस्टँडवर झाली. मी एका बारशाला गेले होते, परतीच्या गाडीची वाट पाहत होते. बाकावर सर दिसले. अंगात इस्त्रीचा पांढरा शर्ट, कपाळाला विभूती, हातात पिशवी नाही. मला वाटलं, कुठं तरी निघालेत.

“कुठं निघालात सर?”

“कुठंच न्हाई. इथं बसलं की कुणी ना कुणी बोलतंय. गाडी कितीची हाय, हे तरी इचारतंयच की.” ते सरकून बसले. मी शेजारी बसले. त्यांनी कार्यालयातल्या एकेकाची विचारपूस केली. अ‍ॅपमध्ये नवीन काय आलं ते विचारलं. मी सांगितलं की आता त्यात बैठकीचा वृत्तांत आपोआप लिहिला जातो. ते विचार करून म्हणाले, “चांगलं हाय. पण बैठकीत कोण गप बसलं, ते लिवतंय का?”

मी बोलायचं ठरवलं. “सर, तो दत्ताचा रजेचा अर्ज...”

त्याच वेळी माझी गाडी आत आली. लोक दाराकडे धावले. सर उठून उभे राहिले. “काळे मॅडम, तुमची गाडी. जावा, जागा मिळणार न्हाई.” मी गेले. गाडी काय, तासाभरानं दुसरीही होती. मी खिडकीत बसले तेव्हा ते खाली येऊन उभे होते. “लिवत जा,” म्हणाले. “दोन वळी चालतेल.” गाडी वळेपर्यंत मी मागे पाहत होते. ते बाकावर जाऊन बसले आणि शेजारच्या माणसाकडे वळले.

दोन ओळी मी लिहिल्या नाहीत. चार महिन्यांनी ते गेले.

बातमी कळली त्या दिवशी दत्ता रजेवर होता. त्याला सरांच्या मुलानं फोन केला होता, तो मातीला हजर होता. दुसऱ्या दिवशी मी प्रयोगशाळेत गेले आणि त्याला म्हटलं, “मला सरांची जागा दाखवशील?” तो म्हणाला, “रविवारी चला.” मी एसटीनं मानवतला उतरले, तो स्टँडवर उभा होता. गावाबाहेर सरांच्या भावाचं शेत आहे. कापूस वेचून झाला होता, पऱ्हाट्या तशाच उभ्या होत्या. बांधाच्या कडेला ताज्या मातीचा चौकोन, त्यावर वाळलेला बेल आणि विभूती. सरांच्या समाजात माणसाला आडवं करत नाहीत. दत्ता हळू आवाजात म्हणाला, “बसवलंय सरांला. मांडी घालून. मग माती लोटली.” मी त्या मातीकडे पाहत राहिले. खाली सर बसले आहेत, हे मनात शिरायला वेळ लागला.

मग मी दत्ताला सांगितलं. सगळं. अर्ज, ड्रॉवर, नळावर घालवलेली वीस मिनिटं. तो खाली बघून ऐकत होता. माझं झाल्यावर म्हणाला, “मला तवाच माहीत हाय मॅडम. अर्ज मी तुमच्याच हातात दिलता न्हवं?”

इतकी साधी गोष्ट. इतक्या वर्षांत ती माझ्या डोक्यात आली नव्हती. माझ्या अपराधात मी फक्त मला आणि सरांना धरलं होतं. ज्याचा अर्ज होता तो माणूस त्यात नव्हताच.

“मग बोलला का नाहीस?”

“बोलणार व्हतो. दवाखान्यातून आलो त्याच दिवशी तुमच्याकडं येयलालो. सर जिन्यात भेटले. म्हणले, दत्ता, तुझं काम झालंय, पोरगी बरी हाय. आता मॅडमला जरा सवड दे. त्या आपल्या आपण येऊन सांगतेल तुला. म्हणून मी थांबलो. सर इचारायचे मदी मदी. रिटायर झाल्यावरबी फोनवर इचारायचे. दत्ता, मॅडम आल्त्या का रे? मी म्हणायचो, न्हाई सर अजून. ते म्हणायचे, येतील.”

मी बांधावर बसले.

“शेवटचा फोन कधी आला होता?”

“दिवाळीला. तवाबी इचारलं.” दत्तानं मनगटानं डोळे पुसले. “आता तुमी आल्या, तर सांगू कुणाला?”

तो मातीकडे वळला, आणि शेजारच्या शेतात काम करणाऱ्या माणसाला हाक द्यावी तशा आवाजात म्हणाला, “सर, मॅडम आल्या हायत बरं का.”

लांब रस्त्यावर एक टेम्पो गेला. दत्तानं वाळलेला बेल गोळा करून बाजूला ठेवला, हात झटकले.

“चला मॅडम,” म्हणाला. “चारची गाडी हाय तुमची.”